गोचिडाच्या पोटात कोण कोण राहतं

2016 च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडतापाचे पेशंट सापडले, पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला साथ आली, आणि तेव्हापासून सिंधुदुर्गात काजू गोळा करायला किंवा पातेरा आणायला रानात जाणारा माणूस घरी आल्यावर आधी अंगावर गोचीड चिकटलाय का ते बघतो. बरोबरच आहे ते. हा ताप गोचिडांतून येतो, त्याचा व्हायरस 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, माकडं त्याने पटापट मरतात आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेले गोचीड आसपासच्या पाल्यात पसरतात. डिसेंबर ते मे हा त्याचा मोसम, म्हणजे नेमका आपल्याकडे काजूचा, भाजावळीचा, कवळं तोडण्याचा मोसम. लोक रानात जास्त असतात तेव्हाच गोचिडांची पिल्लंही पाल्यात जास्त असतात.

ही पिल्लं म्हणजे निम्फ. गोठ्यात गाईच्या कानामागे टम्म फुगलेली गोचडी सगळ्यांनी बघितलेली असते, पण रानातला हा निम्फ खसखशीच्या दाण्याएवढा, अंगावर चढला तरी कळत नाही. माकडतापाचा मुख्य गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, आणि त्याचं आयुष्य तीन टप्प्यांत चालतं. अंड्यातून सहा पायांचा लार्व्हा निघतो, एखाद्या उंदराचं किंवा पक्ष्याचं रक्त पितो, गळून पडतो, कात टाकून आठ पायांचा निम्फ होतो, तो दुसऱ्या प्राण्यावर चढतो, परत गळतो, आणि मग मोठा होऊन तिसऱ्यावर. आयुष्यात जेवणं मोजकी, पण प्रत्येक जेवण वेगळ्या प्राण्याकडे, म्हणून एकाकडचा व्हायरस दुसऱ्याकडे जातो.

आता या गोचिडालाही एक शत्रू आहे, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. उंबर फोडलं की आतून केंबरं उडतात ना, त्यांच्याच मोठ्या गणगोतातली एक बारीक गांधीलमाशी आहे, जेमतेम मिलिमीटरभर, नाव इक्सोडिफॅगस हुकेरी. डंख वगैरे काही नाही, माणसाला तिचा काहीच त्रास नाही. तिची मादी गोचिडाच्या लार्व्ह्यात किंवा निम्फमध्ये आपली अंडी घालते. आणि पुढे जे होतं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात भारी वाटतं: अंडी आत गेली तरी काहीच होत नाही. ती तशीच झोपून राहतात, लार्व्हा कात टाकून निम्फ होतो तरी झोपलेलीच, निम्फ कित्येक महिने पाल्यात उपाशी बसून वाट बघतो तरी झोपलेलीच. निम्फ एखाद्या प्राण्यावर चढून रक्त प्यायला लागला की मगच अंडी जागी होतात, त्यातून अळ्या निघतात, गोचिडाला आतून खाऊन टाकतात, त्याच्याच रिकाम्या कवचात कोष करतात, आणि शेवटी कवचाला भोक पाडून एकाच निम्फमधून अनेक माश्या बाहेर पडतात. गोचीड अर्थात मेलेला असतो. बाहेरून बघून मात्र उपाशी निम्फच्या पोटात अंडी आहेत की नाहीत हे अजिबात ओळखता येत नाही, आणि पुढचा सगळा घोळ झाला तो यामुळेच.

घोळ समजायला आधी बॅक्टेरियाचं बघू. गोचीड जन्मभर फक्त रक्तावर जगतो आणि रक्तात बी गटातली व्हिटॅमिन्स फार थोडी असतात. ती कमतरता त्याच्या शरीरात राहणारे बॅक्टेरिया भरून काढतात. काही गोचिडांत कॉक्सिएलाचे भाऊबंद असतात, काहींत फ्रान्सिसेलाचे, आणि एका प्रयोगात फ्रान्सिसेला काढून टाकल्यावर गोचिडांची वाढच नीट होईना, बी व्हिटॅमिन्स दिल्यावर परत सुरू झाली. म्हणजे हे बॅक्टेरिया गोचिडाच्या घरचेच. युरोपातल्या इक्सोडिस रिसिनस नावाच्या गोचिडात तर मिडिक्लोरिया नावाचा एक बॅक्टेरिया थेट पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आत जाऊन राहतो.

याच युरोपियन गोचिडात टेस्ट करताना अधूनमधून वोल्बाकियाही सापडायचा. वोल्बाकिया हा कीटकांचा बॅक्टेरिया, कीटकांच्या जवळपास निम्म्या जातींत तो असावा असा अंदाज आहे, आईकडून अंड्यातून पिल्लांत जातो आणि स्वतःचा प्रसार व्हावा म्हणून यजमानाच्या प्रजननात ढवळाढवळ करतो. डेंग्यूच्या डासात हाच सोडून डेंग्यू रोखायचे प्रयत्न जगभर चालू आहेत, आपल्याकडे पुद्दुचेरीच्या आयसीएमआर संस्थेनेही 2022 साली असे डास तयार झाल्याचं जाहीर केलं. पण गोचीड हा कीटक नाही, तो कोळ्या-विंचवांच्या बाजूचा. मग त्याच्यात वोल्बाकिया काय करतोय? व्हिटॅमिन देतो? नर-मादीचं प्रमाण बिघडवतो? आणि काही निम्फमध्ये असतो, बाकीच्यांत नसतो, असं का?

फ्रान्समधल्या संशोधकांनी 2012 साली याचा उलगडा केला, आणि तो किती साध्या पद्धतीने केला ते बघण्यासारखं आहे. त्यांनी जिथे ही गांधीलमाशी भरपूर आहे तिथले उपाशी निम्फ घेतले आणि प्रत्येकाची पीसीआर, म्हणजे विशिष्ट डीएनए आहे का ते शोधणारी टेस्ट, दोन गोष्टींसाठी केली, एक वोल्बाकियाच्या डीएनएसाठी आणि दुसरी गांधीलमाशीच्या डीएनएसाठी. ज्या ज्या निम्फमध्ये माशीचा डीएनए होता त्या प्रत्येकात वोल्बाकिया निघाला, आणि ज्यात माशी नव्हती त्यात वोल्बाकियाही नव्हता. माश्या तपासल्या तर जवळपास शंभर टक्के माश्यांत वोल्बाकिया. मग रक्त पीत असलेल्या लार्व्ह्यांजवळ मुद्दाम माश्या सोडल्या, त्यांचे निम्फ झाल्यावर तपासले, तर त्यांच्यातही वोल्बाकिया आला होता. म्हणजे तो गोचिडाचा नव्हताच, गोचिडाच्या पोटात झोपलेल्या अंड्यांचा होता! लॅबमध्ये अख्खा गोचीड कुटून त्याचा डीएनए काढतात, त्यात आत लपलेल्या माशीचा आणि माशीच्या बॅक्टेरियाचा डीएनएही मिसळून येतो, आणि सगळं गोचिडाच्या नावावर जमा होतं.

पुढे 2016 साली स्लोव्हाकियातल्या गोचिडांत आर्सेनोफोनस नासोनिए या बॅक्टेरियाबद्दल असंच निघालं, तोही याच माशीकडून आलेला. हा बॅक्टेरिया दुसऱ्या एका परजीवी गांधीलमाशीत नर गर्भ मारून टाकण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याला गोचिडात शोधून त्यावर गोचिडाच्या प्रजननाची थिअरी मांडली असती तर सगळंच चुकलं असतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे. वोल्बाकियाला नाव मिळालं ते हार्वर्डच्या एस. बर्ट वोल्बाक यांच्यावरून, 1924 साली त्यांनी आणि मार्शल हर्टिग यांनी तो डासांत पहिल्यांदा बघितला होता. आणि 1926 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नौशॉन बेटावर गोचीड कमी करण्यासाठी फ्रान्सहून आणलेल्या याच गांधीलमाश्या सोडल्या गेल्या, त्या कामात हेच वोल्बाक होते. माशी आणि बॅक्टेरिया दोन्ही त्यांच्या हातून गेले, पण दोघांचं नातं कळायला आणखी 86 वर्षं जावी लागली.

त्या बेटावर माशी टिकली, पण गोचीड काही संपले नाहीत. मात्र 1987 साली तिथल्या ‘डीअर टिक’ या जातीच्या गोचिडांचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की ज्या निम्फमध्ये माशी होती त्यांच्यात गोचिडांतूनच पसरणाऱ्या लाइम रोगाचे जंतू आणि बबेसिया हा रक्तातला परजीवी सापडले नाहीत. माझ्या मते हा धागा फार महत्त्वाचा आहे, कारण माशीमुळे किती गोचीड मेले एवढंच मोजून भागत नाही, उरलेल्यांत रोग किती हेही मोजावं लागतं.

केनियात तर चांगला फरक पडला होता. तिथे वर्षभरात एका कुरणावर सुमारे दीड लाख माश्या सोडल्या आणि गुरांवरचे अँब्लिओमा जातीचे गोचीड जनावरामागे 44 वरून 2 वर आले. पण त्याच गुरांवरच्या दुसऱ्या जातीच्या गोचिडांवर काहीच परिणाम झाला नाही. म्हणून कुणी उद्या म्हणालं की माश्या आणा आणि दोडामार्गच्या रानात सोडा, तर मी विरोध करीन, निदान आधी आपले गोचीड नीट तपासल्याशिवाय तरी. आपल्या गोठ्यातली नेहमीची गोचडी एकाच जनावरावर लार्व्ह्यापासून मोठी होईपर्यंत राहते, रानातला स्पिनिजेरा तीन जनावरं बदलतो, तेव्हा एकावर चाललेला उपाय दुसऱ्यावर चालेलच असं धरता येत नाही.

आणि बाहेरून आणायची गरज तरी काय? 1977 साली कर्नाटकातल्या सागर भागातल्या गोचिडांतून याच कुळातल्या माशीची एक नवी जात नोंदवली गेली, सागरेन्सिस नावाची. सागर म्हणजे माकडतापाच्याच मुलखातलं गाव, आपल्यासारखाच सह्याद्री, तसाच पाऊस, तसाच पाला. सिंधुदुर्गात माकडतापासाठी गोचीड गोळा करून तपासले जातातच, त्याच नमुन्यांवर माशीच्या डीएनएची एक पीसीआर जास्तीची लावली तर केर, बांदा, सावंतवाडीच्या रानात ही माशी आहे का, कुठल्या महिन्यात असते, आणि ती असलेल्या निम्फमध्ये माकडतापाचा व्हायरस कमी असतो का, हे तिन्ही प्रश्न एकदमच हाताळता येतील. मेलेल्या माकडाभोवती कीटकनाशक मारतात ते मारायलाच हवं, त्यात माणसांचा जीव आहे, पण त्याच फवाऱ्यात या माश्याही मरणार, म्हणून फवारणीच्या जागेचे आणि त्यापासून लांबच्या जागेचे नमुने वेगवेगळे ठेवावेत एवढं मात्र मनापासून वाटतं.