द रॉटर्स क्लब : त्या एका बाकामागचं भांडण

'द रॉटर्स क्लब' ही कादंबरी 2001 सालची, पण घडते 1970च्या दशकातल्या बर्मिंगहॅममध्ये. संप, वीजकपात, 1974च्या सुरुवातीचा तीन दिवसांचा कामाचा आठवडा हे सगळं बऱ्याच जणांना माहीत असतं. गोंधळ होतो तो शाळेचा, आणि निम्मा विनोद तर तिथेच आहे. लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यातल्या युनियनवाल्याचा पोरगा आणि तिथल्याच साहेबाचा पोरगा एका वर्गात कसे?

तर 1944च्या कायद्यानंतर तिकडे अकराव्या वर्षी परीक्षा असायची. आपल्या चौथीच्या स्कॉलरशिपसारखी वाटेल, पण स्कॉलरशिप हुकली म्हणून कोणी शाळा बदलत नाही, तिकडे अख्खी शाळाच वेगळी, साधारण चारातलं एक पोरगं ग्रामरला, म्हणजे पास झालेल्यांच्या शाळेला, आणि बाकीचे बहुतेक सेकंडरी मॉडर्न नावाच्या दुसऱ्या शाळेला. 1965मध्ये मजूर सरकारने परिपत्रक काढलं की सगळ्यांना एकच शाळा करा, कॉम्प्रिहेन्सिव्ह. पण शाळा चालवणाऱ्या स्थानिक कौन्सिलांना आदेश नाही दिला, 'विनंती' केली! ह्या एका शब्दावरून अजून वाद चालतात. काहींच्या मते शाळा कौन्सिलांच्या हातात होत्या, सक्ती केली असती तर सगळंच अडलं असतं. मला विचाराल तर हिंमत नव्हती. 1970ला सत्ता बदलली, परिपत्रक रद्द, आणि गंमत बघा, ज्या शिक्षणमंत्री बाईंनी, मार्गारेट थॅचरनी, ते रद्द केलं त्यांच्याच काळात कॉम्प्रिहेन्सिव्ह धडाधड वाढल्या. बाई पुढे 1979ला पंतप्रधान झाल्या.

त्यात डायरेक्ट ग्रँट नावाचा आणखी एक गुंता. ना धड सरकारी ना धड खासगी, पैसे कौन्सिलकडून नाही, थेट लंडनच्या सरकारकडून, बदल्यात निदान पाव जागा फुकट. लेखक स्वतः शिकला ती शाळा ह्याच जातीची, आणि कादंबरीतली तिच्यावरूनच बेतलेली. 1975मध्ये हे अनुदान बंद करायचं ठरलं, हेतू समानतेचा, पण बहुतेक शाळा सरळ फी घेणाऱ्या खासगी झाल्या. म्हणजे युनियनवाल्याच्या पोराचा रस्ता बंद केला तो, तोवर पुन्हा सत्तेत आलेल्या, मजुरांच्याच सरकारने.

त्याच साली लाँगब्रिजची कंपनीही सरकारने ताब्यात घेतली. कारखाना 2005ला बसला. ग्रामर शाळा मात्र संपल्या नाहीत, इंग्लंडात आजही 163 आहेत, त्यातल्या आठ बर्मिंगहॅममध्येच.