ऑफेलियाच्या केसांतली पानं

१८५०च्या दशकातलं एक छायाचित्र आहे. इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल असलेली एक तरुण बाई त्यात आहे. अंगाभोवती घोंगडीसारखी जाड शाल, चेहरा थकलेला, आणि केसांवर पानांची माळ. छायाचित्र घेणारे डॉक्टर ह्यू वेल्च डायमंड त्या इस्पितळाच्या स्त्री-विभागाचे प्रमुख होते. रुग्णाचा चेहरा टिपला तर आजार ओळखायला मदत होईल, आणि रुग्णाला त्याचंच चित्र दाखवलं तर सुधारणेलाही हातभार लागेल, असा त्यांचा विश्वास होता. १८५६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडलं.

म्हणजे ते छायाचित्र वैद्यकाच्या कामासाठी घेतलेलं आहे. पण ती माळ वैद्यकातली नाही. ती नाटकातून आलेली आहे, शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधल्या ऑफेलियाच्या डोक्यावरून. राजपुत्र हॅम्लेटची ही प्रेयसी बाप मारला गेल्यावर वेडी होते आणि ओढ्यात बुडून मरते. रंगमंचावरची खूण इस्पितळातल्या बाईच्या केसांत कशी जाऊन बसली, हे कळायला अडीचशे वर्षं मागे जावं लागतं.

हॅम्लेटची मूळ गोष्ट डेन्मार्कची. साक्सो ग्रामॅटिकस या इतिहासकाराने १२००च्या सुमारास ती लॅटिनमध्ये लिहिली. तिथला राजपुत्र आम्लेथ काकाच्या हातून जीव वाचवायला वेड्याचं सोंग घेतो. अंगाला घाण फासतो, चुलीपाशी बसून हातांनी निखारे उकरतो. त्याला मोहात पाडून खरं काढून घेण्यासाठी एक तरुणी पाठवली जाते. तिला नाव नाही आणि तिला वेडही लागत नाही. फ्रेंच लेखक बेलफोरेने १५७०च्या सुमारास हीच कथा पुन्हा सांगितली, तिच्यातही ती वेडी होत नाही. त्या निनावी मुलीला नाव, बाप, भाऊ, वेड आणि मरण असं सगळं मिळतं ते शेक्सपिअरच्या नाटकात. एकाच वाड्यात एक वेडाचं सोंग आणि एक खरं वेड समोरासमोर ठेवणं ही मला त्या नाटकातली सर्वांत निर्दय गोष्ट वाटते. राजपुत्राच्या सोंगाची चर्चा अख्खा दरबार करतो. मुलीचं खरं वेड मात्र दोन प्रवेशांत उरकतं.

ती आत येण्याआधी एक दरबारी राणीला तिची अवस्था सांगतो. तिच्या बोलण्यात अर्थ नाही, तरी ऐकणारे त्यातून काहीतरी जुळवत बसतात आणि तिच्या शब्दांना आपापल्या मनासारखी ठिगळं लावतात, असं तो म्हणतो. पुढच्या चारशे वर्षांत ऑफेलियाचं जे झालं ते सगळं या एका वाक्यात आहे.

१६०३च्या पहिल्या छापील प्रतीत तिच्या प्रवेशाची रंगसूचना आहे: ऑफेलिया ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवत, केस मोकळे सोडून, गात येते. केसांचा अर्थ मराठी वाचकाला कोणी समजावून सांगायला नको. अंगात आलेली बाई, घुमणारी बाई आपण मोकळ्या केसांनीच पाहिलेली आहे. कुलीन घरातल्या मुलीचे केस चारचौघांत सुटले की घराची शिस्त सुटली, हे लंडनच्या प्रेक्षकालाही तितकंच लख्ख कळत होतं. वर तिची गाणी. एक बापाच्या मरणाचं, आणि लगेच दुसरं, रात्री प्रियकराच्या खोलीत गेलेल्या आणि फसलेल्या मुलीचं, चांगलंच चावट. शुद्धीत असताना जिने भावाचा आणि बापाचा उपदेश मान खाली घालून ऐकला, ती आता राजासमोर हे गाते. तिच्या वेडाची धार या गाण्यात आहे.

वेड दाखवायच्या खुणा ठरलेल्या असणं ही काही युरोपची मक्तेदारी नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात उन्माद हा ३३ व्यभिचारी, म्हणजे मनात येत-जात राहणाऱ्या, भावांपैकी एक आहे. प्रिय माणसाचा मृत्यू, धनाचा नाश, आघात, वात-पित्त-कफाचा प्रकोप ही त्याची कारणं दिली आहेत, आणि नटाने तो कसा दाखवावा हेही: उगाच हसणं, रडणं, ओरडणं, धावणं, गाणं, नाचणं, अंगाला राख-धूळ माखणं, आणि दागिन्यांऐवजी गवत, निर्माल्य, चिंध्या, फुटक्या मडक्याच्या खापऱ्या धारण करणं. निर्माल्य म्हणजे देवाला वाहून उतरलेली फुलं. ज्या फुलांचं काम संपलं आहे ती वेड्याच्या अंगावर. शेक्सपिअरला यातलं काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, पण भरताने लिहिलेली ती यादी वाचताना अंगावर काटा येतो. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’च्या चौथ्या अंकात पुरूरवा असाच रानोमाळ फिरतो, मोराला, कोकिळेला, हत्तीला, डोंगराला उर्वशीचा पत्ता विचारतो. तिथे वेडा होतो तो राजा, आणि त्या वेडाने त्याची उंची वाढते. शेवटी वेलीचं रूप घेतलेली उर्वशी त्याला परतही मिळते.

‘हॅम्लेट’ मराठीत आलं तेव्हा आगरकरांनी त्याला ‘विकारविलसित’ हे नाव दिलं. भाषांतर छापलं गेलं १८८३ मध्ये, डोंगरीच्या तुरुंगातल्या त्यांच्या १०१ दिवसांनंतर वर्षभरात. आगरकरांच्या मराठीत मनोविकार म्हणजे राग, लोभ, प्रेम, शोक, कोणाच्याही मनात उठणाऱ्या लाटा. आज मनोविकारतज्ज्ञ म्हटलं की दवाखान्याची पाटी डोळ्यांसमोर येते. शंभर-सव्वाशे वर्षांत तो शब्द माणसाच्या मनातून उठून रुग्णाच्या कागदावर जाऊन बसला. मराठी रंगभूमीवर गणपतराव जोशांचा हॅम्लेट गाजला, तेव्हा आपल्याकडेही स्त्रीभूमिका पुरुषच करत, जशा शेक्सपिअरच्या काळी मुलगे करत. मोकळ्या केसांची ती मुलगी दोन्हीकडे आधी मुलग्यांनी उभी केली.

आता ती फुलं. वेड लागलेली ऑफेलिया दरबारात एकेकाला झाडपाला वाटते. आठवणीसाठी रोजमेरी, विचारांसाठी पॅन्सी, मग बडीशेपेचा तुरा, कोलंबाइन, डेझी. आणि रू, म्हणजे आपल्याकडे बाळांच्या औषधात वापरतात तो सताप. पश्चात्तापाची म्हणून ओळखली जाणारी ही कडू वनस्पती ती दुसऱ्याला देते आणि थोडी स्वतःसाठी ठेवते. व्हायोलेट मात्र बाप मेला तेव्हाच सुकून गेली, असं सांगते. ऐकणाऱ्यांना हे वेड वाटतं, पण कोणाला काय द्यायचं हे तिला त्या खोलीतल्या शहाण्यांपेक्षा जास्त कळतं आहे. पुढे ओढ्याकाठी ती जो हार गुंफते त्यात डेझीबरोबर खाजरीही आहे, हात लावला की आग उठवणारी. शेक्सपिअरचा दुसरा वेडा, राजा लिअर, रानातून येतो तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या मुकुटातही खाजरी असते, शेतात माजलेल्या तणांबरोबर. म्हणजे लेखकाच्या लेखी रानफुलं हा बाईच्या नाजूकपणाचा शृंगार नव्हता. ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या राजालाही त्याने तोच हिरवा कचरा चढवला. पुढे लिअरचं तण लोक विसरले आणि ऑफेलियाची फुलं तेवढी उरली.

या विसरण्याची सुरुवात नाटकातच होते. बहिणीला तशी पाहून भाऊ लेअर्टीझ म्हणतो की दुःख, यातना, अगदी नरकसुद्धा ही गोड करून टाकते. त्याला तिच्या बोलण्यापेक्षा तिचं गोड दिसणं सोसायला सोपं जातं.

तिच्या मरणाचा प्रश्न त्या काळी निव्वळ हळहळीचा नव्हता, कायद्याचा होता. इंग्लंडमध्ये आत्महत्या हा गुन्हा होता. शुद्धीत जीव दिला असं ठरलं तर मालमत्ता राजाच्या खजिन्यात जमा होई आणि पवित्र भूमीत दफन मिळत नसे. वेडाच्या भरात झालं असं ठरलं तर दोन्ही वाचे. १५५४ मध्ये सर जेम्स हेल्स या न्यायाधीशाने नदीत जीव दिला आणि त्याच्या विधवेला जमिनीसाठी कोर्टात भांडावं लागलं. कृतीचे तीन भाग कोणते यावर वकिलांनी तिथे घातलेला काथ्याकूट शेक्सपिअरने कबर खोदणाऱ्याच्या तोंडी घालून दिला आहे. शेक्सपिअरच्या गावाजवळ एव्हन नदीत डिसेंबर १५७९ मध्ये कॅथरिन हॅम्लेट नावाची मुलगी बुडाली. पाणी आणायला गेली आणि घसरली, असा पंचांनी निकाल दिला. शेक्सपिअर तेव्हा १५ वर्षांचा होता. नाटकात ऑफेलियाचं मरण राणी सांगते: फांदी मोडली, कपडे काही वेळ पाण्यावर तरंगले, ती जुनी गाणी गात राहिली. इतकं सुंदर वर्णन, की हे सगळं पाहणारं कोणी वाचवायला का गेलं नाही, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. स्मशानात पाद्री स्पष्ट म्हणतो, वरून हुकूम नसता तर हिच्यावर प्रार्थनेऐवजी खापऱ्या आणि दगड पडले असते.

अठराव्या शतकातल्या रंगभूमीला ही मुलगी जड गेली. चावट गाण्यांच्या ओळी गाळल्या जाऊ लागल्या. पांढरे कपडे, केसांत गवताच्या काड्या, हातात फुलं आणि गोड आवाज एवढंच शिल्लक राहिलं. मग सप्टेंबर १८२७ मध्ये पॅरिसच्या ओदेओं नाट्यगृहात हॅरिएट स्मिथसन ही आयरिश अभिनेत्री इंग्रजीतून ऑफेलिया झाली. प्रेक्षकांपैकी बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिने शब्दांपेक्षा अंगावर भर दिला. आपला लांब काळा पदर जमिनीवर अंथरून, तो जणू बापाचा देह आहे असं मानून त्यावर ती फुलं ठेवत गेली. प्रेक्षकांत बसलेला तरुण संगीतकार बर्लिओझ तिथेच वेडा झाला, आपल्या प्रेमातल्या अर्थाने, आणि सहा वर्षांनी त्याने तिच्याशी लग्न केलं. पॅरिसच्या बायका केसांत काळं वस्त्र आणि गवताच्या काड्या गुंफू लागल्या. वेडाची फॅशन झाली.

१८५१ मध्ये चित्रकार जॉन एव्हरेट मिलेने आपल्या ‘ऑफेलिया’ या चित्रासाठी याच सरे परगण्यातल्या हॉग्समिल ओढ्याकाठी महिनोन् महिने बसून एकेक पान, एकेक फूल रंगवलं. ओढ्यातली जागा मुलीसाठी रिकामी ठेवली. ती नंतर लंडनच्या घरात भरली: २२ वर्षांची दुकानात काम करणारी एलिझाबेथ सिडल पूर्ण पेहरावात पाण्याने भरलेल्या टबात पडून राहायची, आणि पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे लावलेले असत. एकदा दिवे विझले. चित्रकार कामात बुडालेला होता, आणि ती बोलली नाही. तिला जबर सर्दी-ताप झाला आणि डॉक्टरांच्या बिलासाठी तिच्या बापाला चित्रकारामागे लागावं लागलं. १८६२ मध्ये अफूच्या अर्काचा जादा डोस होऊन ती गेली. पंचांनी अपघाती मृत्यू असा निकाल दिला. ते चित्र पाहताना मला ओढ्यापेक्षा तो थंड पडत गेलेला टबच जास्त दिसतो.

डॉक्टर डायमंड आपला कॅमेरा लावत होते तो हाच काळ. त्यांच्या छायाचित्रांवरून मनोरोगांचे डॉक्टर जॉन कॉनोली यांनी १८५८ मध्ये वेडाच्या चेहऱ्यांवर लेखमाला लिहिली. कॉनोली हा साधा माणूस नव्हे. १८३९ मध्ये हॅनवेलच्या इस्पितळात त्यांनी रुग्णांना साखळ्या आणि पट्ट्यांनी जखडणं बंद केलं. त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. पण १८६३ मध्ये हॅम्लेटवर पुस्तक लिहिताना तेही म्हणतात की आपल्या इस्पितळांत ऑफेलिया भेटतातच, तेच वय, तसंच कोमेजलेलं रूप, तसाच विचित्र पेहराव, मध्येच तुटणारं तेच गाणं. जॉन चार्ल्स बकनिल या दुसऱ्या डॉक्टरांनी त्याआधीच, १८५९ मध्ये, थोडाफार अनुभव असलेल्या प्रत्येक वैद्याने अनेक ऑफेलिया पाहिलेल्या असणारच, असं लिहिलं होतं. नाटक हे निसर्गाची नक्कल, अशी त्यांची खात्री होती. उलट दिशेनेही काही घडत असेल, नाटक पाहून आलेला डोळाच वॉर्डात ऑफेलिया शोधत असेल, हे या दोन विद्वानांच्या लक्षात आलं नाही. बाळंतपणानंतर बिघडलेली, उपासमारीने खचलेली, दारुड्या नवऱ्याने टाकलेली बाई खाटेवर असताना तिचा इतिहास विचारायचा, की कोमेजलेलं रूप पाहायचं?

अभिनेत्रींनी इस्पितळात जाऊन शिकावं, असंही कॉनोलींचं म्हणणं होतं. एलेन टेरी गेली. डिसेंबर १८७८ मध्ये लंडनच्या लिसियम नाट्यगृहात ती नट हेन्री अर्विंगबरोबर ऑफेलिया करणार होती. वेडाच्या प्रवेशात तिला काळे कपडे घालायचे होते, कारण मुलीचा बाप मेला आहे. तिला सांगण्यात आलं की या नाटकात काळी आकृती एकच, हॅम्लेटची. ऑफेलिया पांढऱ्यातच राहिली.

इस्पितळातल्या भेटीबद्दल टेरीने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. बहुतेक रुग्णांनी तिची निराशा केली. ते इतके नाटकी होते की त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही नव्हतं. ती निघायच्या बेतात असताना भिंतीकडे टक लावून उभी असलेली एक मुलगी तिला दिसली. चेहरा पाहायला टेरी त्या मुलीच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण सगळं अंग कशाची तरी वाट पाहत होतं. एकाएकी मुलीने हात वर फेकले आणि पाकोळीसारखी खोली ओलांडून पळत गेली. मुलगी फार हडकुळी होती आणि वयाने फार लहान, एवढं टेरीने नोंदवलं आहे. तिच्या केसांत फुलं असल्याचा उल्लेख नाही.