लेट द राइट वन इन की लेट मी इन?

मित्राने सुचवला एक आणि मी पाहिला दुसराच. सोमवारी लोकलमध्ये तो कुत्र्याबद्दल बोलत होता, मी गाडीच्या अपघाताबद्दल. ठाण्याहून कुर्ला येईपर्यंत भांडलो, मग कळलं, सिनेमे दोन आहेत!

गोंधळ होणारच. दोन्ही नावांत 'लेट', दोन्हींत 'इन', दोन्हींत बर्फ, शाळेत मार खाणारा एकटा मुलगा आणि शेजारी राहायला आलेली, रक्तावर जगणारी मुलगी. 'लेट द राइट वन इन' हा २००८चा, टॉमस आल्फ्रेडसनचा स्वीडिश सिनेमा. 'लेट मी इन' २०१०चा, मॅट रीव्ह्जचा, इंग्रजी. कादंबरी एकच. स्टॉकहोमच्या उपनगराऐवजी न्यू मेक्सिकोतलं लॉस अलामोस आलं, ऑस्करचा ओवेन झाला, एलीची अ‍ॅबी.

आता तो कुत्रा. स्वीडिश सिनेमात एलीच्या सोबतचा माणूस एका वाटसरूला झाडाला उलटा टांगतो, खाली रक्तासाठी डबा लावतो. तेवढ्यात एक पांढरा पूडल येतो आणि समोर बसून नुसता बघत राहतो. लांबून मालकिणीच्या हाका. हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. इंग्रजीत हाच माणूस गाडीच्या मागच्या सीटवर लपतो, बेत फसतो, गाडी उलटी जात उतारावरून कोसळते, आणि कॅमेरा शेवटपर्यंत गाडीच्या आतच. प्रसंग जबरदस्त आहे, पण तो दचका. मला धास्ती जास्त आवडते, आणि ती कुत्र्यापाशी आहे.

अ‍ॅबी शिकार करताना कोळ्यासारखी सरसर चढते, चेहरा राक्षसी होतो. तिथे माझी भीती उतरलीच. कॉम्प्युटरची करामत लगेच कळते. (स्वीडिशमधली चवताळलेली मांजरंही तितकीच खोटी आहेत, हे मित्र कबूल करत नाही.) एलीच्या तोंडी मात्र दुसऱ्याच मुलीचा, जरा जाडसर आवाज घातलाय. का खटकतंय ते कळत नाही, पण खटकत राहतं.

बोलावल्याशिवाय घरात यायचं नाही, हा नियम दोन्हींत आहे. मी परळच्या चाळीत वाढलेला. शेजारच्या काकू 'काय केलंस गं आज?' म्हणत थेट ओट्यापाशी पोचायच्या. पिशाच्चाला परवानगी लागते याचं आधी हसूच आलं. मग एली बोलावण्याशिवाय आत येते, गप्प उभी राहते, आणि डोळ्यांतून, कानांतून, अंगातून रक्त झिरपायला लागतं. ऑस्कर घाबरून 'ये, ये आत' म्हणेपर्यंत मी श्वास धरून होतो.

एकच पाहणार असाल तर स्वीडिश पाहा, सबटायटल्स लावून. स्विमिंग पूलचा प्रसंग आला की हेडफोन घाला. ऑस्करचं डोकं पाण्याखाली दाबलेलं, कॅमेराही पाण्याखाली. वर काय चाललंय ते दिसत नाही, फक्त दबके आवाज. मग पाण्यातून कुणाचे तरी पाय फरफटत जातात.