गिळलेली हवा आणि आतड्यात तयार झालेला वायू

‘गॅस झाला आहे’ एवढ्या एका वाक्यात आपण मुंबईकर दोन निराळ्या तक्रारी सांगतो आणि दोहोंवर एकच गोळी घेतो. म्हणूनच अनेकांना गुण येत नाही. एक तक्रार गिळलेल्या हवेची असते, दुसरी मोठ्या आतड्यात तयार झालेल्या वायूची.

गिळलेली हवा म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन. दादर स्थानकाबाहेर, गाडी चुकेल या धास्तीने उभ्याउभ्या चार घासांत वडापाव संपवून वर थंड पेय पिणाऱ्याच्या जठरात अन्नाबरोबर हवाही जाते आणि पेयातला कार्बन डायऑक्साइड तिच्यात भर घालतो. जेवताना किंवा जेवणानंतर लगेच पोटाचा वरचा भाग तटतटतो आणि ढेकर आला की मोकळे वाटते. च्युइंगम, धूम्रपान आणि सैल कवळी यांमुळेही हवा गिळली जाते. येथे पदार्थापेक्षा खाण्याची रीत बदलावी लागते. पाण्यात फसफसणारी सोड्याची पूड आम्लाशी संयोग पावून स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते. त्यामुळे ती घेतल्यावर येणारा ढेकर बराचसा त्या पुडीचाच असतो, हे ध्यानात घ्यावे.

आतड्यातल्या वायूचे असे नसते. तो जेवणानंतर काही तासांनी जाणवतो, पोट खालच्या बाजूस गुडगुडते आणि वात सरल्यावर आराम पडतो. वाल, चवळी, राजमा यांतील रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा पचवणारे विकर (एन्झाइम) आपल्या लहान आतड्यात नसतेच. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जिवाणू त्या आंबवून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काहींच्या बाबतीत मिथेन तयार करतात. दुर्गंधी येते ती अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त संयुगांमुळे. कांदा, लसूण आणि गव्हातील फ्रुक्टान नावाच्या शर्करा, तसेच ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या बाबतीत दुधातील लॅक्टोज ही शर्करा, यांचेही असेच होते.

यावर उपाय म्हणून कडधान्ये सोडून देऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते. आमच्या घरी बिरड्याचे वाल रात्रभर भिजतात, सकाळी ते पाणी ओतून टाकले जाते, मग ते फडक्यात बांधून मोड आणतात आणि कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलतात. या खटाटोपात केवळ चव नाही: काही शर्करा पाण्याबरोबर निघून जातात आणि कोंब फुटताना काही शर्करा दाणा स्वतःच वापरतो. वाटी लहान ठेवावी, प्रमाण हळूहळू वाढवावे, आणि संशयित पदार्थ एका वेळी एकच, दोनेक आठवडे, बंद करून पाहावा. बद्धकोष्ठ असेल तर आधी त्याकडे लक्ष द्यावे. दिवसातून दहा-वीस वेळा वात सरणे हा मात्र आजार नव्हे.

वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, सतत उलट्या होणे किंवा पोटदुखीने झोपेतून जाग येणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे जावे. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, वेदना हाताकडे वा जबड्याकडे सरकली, तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चघळत बसू नये. त्याच क्षणी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.