गोष्ट तुमच्या पैशाने, शब्द सांगणाऱ्याचे
पॉडकास्ट आणि प्रायोजित मालिका करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, ठाणे

नौपाड्यातल्या आमच्या स्टुडिओत येणारे बहुतेक ग्राहक बसल्या बसल्या दोन प्रश्न विचारतात: खर्च किती येईल आणि लोक किती ऐकतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं पुढे आहेत. पण आधी गेल्या वर्षातलं एक काम सांगतो. प्रायोजित गोष्ट म्हणजे नेमकं काय, हे आम्हालाही त्या कामात नव्याने कळलं.

जाळी, दोर आणि होड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानाचे मालक आमच्याकडे जिंगल करून घ्यायला आले होते. तीस सेकंदांत दुकानाचं नाव तीनदा आलं पाहिजे, एवढीच मागणी. बोलता बोलता त्यांच्या वडिलांच्या काळातल्या गिऱ्हाइकांचा विषय निघाला आणि तासभर कसा गेला ते कळलं नाही. जिंगल राहिली बाजूला, ठाण्याच्या खाडीवर सहा भागांची मालिका ठरली. २०२२ साली ही खाडी रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली, हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला लांबून माणसं येतात. पण चेंदणी कोळीवाड्यात ज्यांच्या तीन-तीन पिढ्या या पाण्यावर जगल्या, त्यांचा आवाज कुठे ऐकू येत नाही. मालकांनाही ते पटलं.

तिसऱ्या भागात सत्तरी ओलांडलेले एक कोळीबाबा आहेत. त्यांना स्टुडिओत आणलं असतं तर ते अवघडून बसले असते, म्हणून त्यांच्या ओटीवरच रेकॉर्डिंग केलं. पंखा बंद केला, आतल्या खोलीतला फ्रिजही त्यांच्या सुनेला विचारून बंद केला. बाबा जाळं विणत बोलत होते. एक माईक त्यांच्या छातीशी आणि दुसरा हातांपाशी ठेवला. सुई फासातून जाते, दोरा ताणला जातो, गाठ बसते, तेव्हा एक बारीकसा करकर आवाज होतो. त्या भागात पार्श्वसंगीत नाही, तो आवाजच आहे.

बाबा सांगत होते, की पूर्वी जाळी सुताची असायची. ऐनाच्या सालीच्या पाण्यात बुडवून ती रंगवायची, रोज वाळत घालायची, नाहीतर कुजायची. नायलॉन आलं आणि हे कष्ट सुटले. मग जरा थांबून म्हणाले, पण तुटून खाडीत राहिलेलं नायलॉनचं जाळं कुजतच नाही, धनी गेला तरी ते मासे मारतच बसतं.

आता अडचण अशी, की मालकांच्या दुकानात नायलॉनचीच जाळी विकली जातात. रफ कट, म्हणजे भागाचं पहिलं कच्चं संकलन, ऐकून त्यांचा फोन आला, एवढं वाक्य काढून टाका. आम्ही नाही म्हणालो. आठ दिवस त्यांचा फोन नाही, आम्हालाही झोप नव्हती, कारण निम्मे पैसे यायचे होते. नवव्या दिवशी ते वडिलांना घेऊन स्टुडिओत आले. वडिलांनी माईकसमोर सांगितलं, की त्यांनी नायलॉन विकायला घेतलं ते कशासाठी: सुताचं जाळं वाळवता वाळवता कोळणींचे हात फुटायचे, आणि पावसाळी हवेत ते वाळायचंच नाही. कुजत नाही हाच त्या धाग्याचा गुण आणि हाच दोष. बाबांचं वाक्य आणि वडिलांचं उत्तर एकापुढे एक ठेवलं, आणि सहांतला सगळ्यात चांगला भाग तो झाला.

तेव्हापासून आमच्या करारात एक कलम आहे. रफ कट ऐकल्यावर तुम्ही नाव, साल, पत्ता, धंद्याची माहिती अशा चुका दुरुस्त करून घेऊ शकता. तुमच्या बाजूचं उत्तर जोडू शकता. पण ज्याने गोष्ट सांगितली त्याचं मत बदलता किंवा गाळता येणार नाही. सांगणाऱ्याची लेखी संमती आम्ही रेकॉर्डिंगआधी घेतो, मराठीत वाचून दाखवून. त्याला मानधनही देतो आणि ते अंदाजपत्रकात वेगळं दाखवतो.

दुसरं कलम पैशाच्या उघडपणाचं. 'ही मालिका अमुक यांनी प्रायोजित केली आहे' हे वाक्य भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी येतं, मध्ये ब्रेक असेल तर ब्रेकच्या आधी आणि नंतरही. हे आमच्या मनाचं नाही. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, २०२१ साली इन्फ्लुएन्सर जाहिरातींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत ऑडिओसाठी हेच सांगितलं आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. काही ग्राहक विचारतात, 'नाव हळूच शेवटी घेतलं तर?' तसं करू नका. गोष्टीत रमलेल्या माणसाला शेवटी कळलं की ही जाहिरात होती, तर त्याला फसल्यासारखं वाटतं. सुरुवातीलाच सांगितलं तर तो तुमचं कौतुक करत ऐकतो. वर्षभर ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रिया वाचून आम्ही हे सांगतो आहोत.

आता किती लोक ऐकतील. आकडा आधी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मात्र आकडा कसा मोजतात ते समजून घ्या. पॉडकास्टच्या मोजणीचे आयएबी या डिजिटल जाहिरात क्षेत्रातल्या संघटनेचे जे सर्वमान्य नियम आहेत, त्यांनुसार किमान एक मिनिटाचा ऑडिओ उतरवला गेला तरच ते एक डाउनलोड. एकाच फोनवरून चोवीस तासांत तोच भाग चारदा उघडला तरी मोजणी एकच. यूट्यूबचे व्ह्यूज वेगळ्या पद्धतीने मोजले जातात, म्हणून दोन्ही आकडे एका रांगेत मांडू नका. आम्ही दर महिन्याला जो अहवाल देतो त्यात डाउनलोडच्या खालीच दुसरा आलेख असतो: भाग कुठपर्यंत ऐकला गेला. आमच्या मते खरा आलेख तोच. दुकानाचं नाव दर दोन मिनिटांनी घ्यायला लावलेल्या एका जुन्या कामात प्रत्येक नावापाशी रेघ खाली उतरत गेलेली आम्ही पाहिली आहे.

भाग फक्त एका ॲपवर टाकत नाही. होस्टिंगवर, म्हणजे भाग साठवणाऱ्या सेवेवर, ऑडिओ चढवला की आरएसएस फीड, म्हणजे भागांची आपोआप ताजी होणारी यादी, तयार होते, आणि स्पॉटिफाय, ॲपल वगैरे सगळे त्या फीडवरून भाग उचलतात. फीड तुमच्या नावाने काढतो, पासवर्ड तुमच्या हातात देतो. उद्या तुम्ही दुसऱ्या स्टुडिओकडे गेलात तरी मालिका आणि ऐकणारे तुमच्याबरोबर जातील.

जुन्या चित्रपटातलं गाणं मागे वाजवा, अशी मागणी दर महिन्याला येते. गाण्यात शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा असे वेगवेगळे हक्क असतात. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, शब्द आणि चालीचा तर त्या माणसाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. दहा सेकंदच वाजवलं तर चालतं, ही समजूत चुकीची आहे. ठाण्यातच हार्मोनियम, संबळ, सनई वाजवणारी माणसं आहेत, त्यांच्याकडून नवं वाजवून घेऊ.

खर्चाचं गणित वेळेवर ठरतं. पंचवीस मिनिटांच्या भागामागे साधारण दीड तासाचं बोलणं असतं, आणि त्याआधी दोन भेटी, ज्यांत माईक काढतच नाही. संकलन आणि मिक्सिंगला तीन दिवस. बाहेर जाऊन केलेलं रेकॉर्डिंग महाग पडतं, स्टुडिओतली मुलाखत स्वस्त. निम्मे पैसे सुरुवातीला, निम्मे रफ कटनंतर, वर अठरा टक्के जीएसटी. गप्पांचा साधा पॉडकास्ट हवा असेल तर यातलं बरंच लागत नाही, तसं स्पष्ट सांगू.

वेळापत्रकाबद्दल एकच विनंती. दिवाळीत मालिका हवी असेल तर गुढीपाडव्याला या. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बाहेरचं रेकॉर्डिंग अवघड होतं, पत्र्यावरच्या पावसाखाली माणसाचं बोलणं बुडतं. भाद्रपदात ढोल आणि आश्विनात गरबा, म्हणजे संध्याकाळ गेलीच. त्यामुळे चैत्र-वैशाखात बोलणी आणि रेकॉर्डिंग, पावसाळ्यात संकलन, असं आमचं वर्ष बसलं आहे. खाडीच्या मालिकेत तर भरती-ओहोटी बघून तारखा घ्याव्या लागल्या. उधाणाच्या दिवशी बाबा बोलायला मोकळे नसायचे.

पहिल्या भेटीला येताना लिहिलेली संहिता किंवा जाहिरातीचा मजकूर आणू नका. तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वर्षं काढलेल्या माणसाचं नाव घेऊन या, मग तो कारागीर असो, हमाल असो की पहिलं गिऱ्हाईक. जमलं तर त्यालाच घेऊन या. सकाळी अकरा ते एक यावं. त्यानंतर रेकॉर्डिंग सुरू होतं आणि दारावरचा लाल दिवा विझेपर्यंत दार उघडत नाही.