दहा मिनिटं, तीन परीक्षक आणि थोडी लाळ

१०२२ मधून १३ वजा करा. १००९. त्यातून पुन्हा १३ गेले, ९९६. मग ९८३, ९७०, ९५७... घरी चहा घेता घेता हे केलं तर फार तर कंटाळा येईल. पण समोर तीन अनोळखी माणसं बसली आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, बाजूला कॅमेरा चालू आहे आणि एक आकडा चुकला की कोरड्या आवाजात ऐकू येतं, ‘चूक. १०२२ पासून पुन्हा.’ अशा वेळी हीच शाळकरी वजाबाकी शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी रक्तात सुटणारं संप्रेरक, दुप्पट ते चौपट करू शकते.

हा प्रयोग जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातला. क्लेमेन्स किर्शबाउम, कार्ल-मार्टिन पिर्के आणि डिर्क हेलहामर यांनी तो १९९३ साली प्रसिद्ध केला. ‘ट्रिअर सोशल स्ट्रेस टेस्ट’ या नावाने तो आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. कारण साधं आहे. त्याआधी माणसाला ताण द्यायचा म्हणजे बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावायचा, कर्कश आवाज ऐकवायचा, नाहीतर अवघड कोडी घालायची. त्याने छाती धडधडायची, घाम फुटायचा, पण कॉर्टिसॉल कधी वाढायचं, कधी नाही.

धडधड आणि कॉर्टिसॉल यांचे रस्ते वेगळे आहेत, हे इथे लक्षात ठेवायला हवं. धडधडीचा रस्ता मज्जातंतूंचा. मेंदूकडून इशारा निघाला की काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन सुटतं, नाडी वाढते, तळहात ओले होतात. कॉर्टिसॉलचा रस्ता रक्तातून जातो आणि त्यात तीन टप्पे आहेत. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो. ते पीयूषिका ग्रंथीला जागं करतं. ती एसीटीएच नावाचं दुसरं संप्रेरक रक्तात सोडते. ते मूत्रपिंडांच्या टोकावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचलं की कॉर्टिसॉल तयार व्हायला लागतं. त्यामुळे प्रसंग सुरू झाल्यावर कॉर्टिसॉलचा कळस गाठायला वीस-तीस मिनिटं लागतात. भाषण आटोपून माणूस खुर्चीत टेकलेला असतो, नाडी ठिकाणावर आलेली असते, आणि कॉर्टिसॉल अजून चढतच असतं.

आता चाचणी कशी घेतात ते पाहू, कारण तिचं सगळं कसब तपशिलात आहे. आलेल्या माणसाला आधी अर्धा-पाऊण तास नुसतं बसवून ठेवतात. रक्त घ्यायचं असेल तर सुई याच काळात टोचून ठेवतात, नाहीतर टोचण्याचाच ताण मोजला जाईल. मग त्याला परीक्षकांच्या खोलीत नेऊन सांगतात: तुम्ही नोकरीसाठी अर्ज केला आहे, या जागेला तुम्हीच कसे योग्य आहात ते पाच मिनिटं बोलून पटवून द्या, तुमचं चित्रण होईल आणि हावभावांचं विश्लेषणही होईल. तयारीला दहा मिनिटं. या वेळात टिपणं काढायची मुभा असते. बोलायला उभं राहताना मात्र तो कागद काढून घेतात.

परीक्षकांना पढवलेलं असतं, पण अपमान करायला नव्हे. हसायचं नाही, मान डोलवायची नाही, भुवई उंचवायची नाही, एवढंच. बोलणारा मध्येच थांबला तर म्हणायचं, ‘तुमच्याकडे अजून वेळ आहे. बोलत राहा.’ तो पुन्हा अडखळला तर वीस सेकंद काहीही न बोलता त्याच्याकडे पाहत राहायचं. गप्प चेहऱ्यासमोर वीस सेकंद किती लांब असतात, हे तोंडी परीक्षा दिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पाच मिनिटं भरली की काही न सांगता-सवरता १०२२ ची वजाबाकी सुरू. सगळं संपल्यावर खरी गोष्ट सांगून टाकतात: नोकरी नव्हती, गुण नव्हते, परीक्षकांना गप्प राहण्याचे आदेश होते.

मोजमाप बहुतेक वेळा लाळेतून होतं. कापसाची छोटी गुंडाळी मिनिटभर तोंडात धरायची, नळीत टाकायची. चाचणीआधी एकदा-दोनदा आणि नंतर तासभर ठरावीक अंतराने. लाळ घेण्यामागे फक्त सुईची भीती टाळणं एवढाच हेतू नाही. रक्तातलं नव्वद टक्क्यांहून अधिक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि तसं असताना ते काम करत नाही. लाळेत उतरतं ते मोकळं, कामाचं कॉर्टिसॉल. लिटरमागे साधारण दीड नॅनोमोल (अगदी सूक्ष्म प्रमाण मोजायचं एकक) वाढ झाली की ‘प्रतिसाद आला’ असं बऱ्याच प्रयोगशाळा धरतात.

यातलं नेमकं काय शरीराला लागतं? आकडेमोड, उभं राहून बोलणं, की समोरचे डोळे? २००९ मध्ये एका जर्मन गटाने चाचणीचा बिनविषारी जुळा भाऊ तयार केला. भाषण तेवढंच, पण रिकाम्या खोलीत, आणि वजाबाकीऐवजी सोपी बेरीज. कॉर्टिसॉल वाढलं नाही. अमेरिकेत सॅली डिकरसन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आणखी बारीक फोड केली. एका गटासमोर परीक्षक बसवले, दुसऱ्याला एकटं बोलायला लावलं, आणि तिसऱ्याच्या खोलीत एक माणूस होता खरा, पण तो आपल्या संगणकावरच्या कामात गुंग. कॉर्टिसॉल वाढलं ते फक्त पहिल्या गटात. माणसाच्या नुसत्या असण्याने काही होत नाही. तो आपल्याला जोखतो आहे असं वाटावं लागतं. आणि २०१३ च्या एका प्रयोगात परीक्षक हसतमुख, मान डोलावणारे ठेवले, तेव्हाही कॉर्टिसॉल जागचं हललं नाही.

मला स्वतःला सगळ्यांत बोलका वाटतो तो बर्फाच्या पाण्याचा प्रयोग. लार्स श्वाबे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना तीन मिनिटं बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावला. काही जणांवर एक अनोळखी व्यक्ती नजर ठेवून होती आणि त्यांच्या चेहऱ्याचं चित्रण चालू होतं. पाणी तेच, कळ तीच. रक्तदाब दोन्ही गटांत सारखाच वाढला. कॉर्टिसॉल मात्र पाहणारं कुणी असताना जास्त चढलं. ‘लोक काय म्हणतील’ हे आपण स्वभावाचं दुखणं समजतो. इथे ते नॅनोमोलमध्ये मोजता येतं.

डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये अशा २०८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. सर्वांत मोठी वाढ आणि पूर्वपदावर यायला सर्वांत जास्त वेळ कुठे लागतो? जिथे दोन गोष्टी एकत्र येतात: आपली पत दुसऱ्याच्या नजरेत पणाला लागलेली असते, आणि काहीही केलं तरी निकाल आपल्या हातात नसतो. नुसतं अवघड काम पुरत नाही. ‘पुन्हा १०२२ पासून’ या आज्ञेचं मर्म इथे आहे. वेग वाढवला तर चुका होतात, हळू केलं तर ‘लवकर’ म्हणतात. सुटकेची वाट ठेवलेलीच नाही.

प्रयोग फसण्याच्या जागाही कमी नाहीत. पहिली म्हणजे सकाळ. उठल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल आपोआप उसळी घेतं आणि मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळ गाठतं. सकाळच्या उतरणीवर ताणाची छोटी टेकडी दिसत नाही, म्हणून ही चाचणी दुपारी घेतात. दुसरी जागा पोट. उपाशी माणसाला ताण दिला तर त्याचं कॉर्टिसॉल धड वाढत नाही. आधी ग्लुकोजचं पाणी पाजलं की वाढतं. म्हणजे रक्तात साखर कमी असताना ही यंत्रणा हात आखडता घेते. हे उलटं वाटतं खरं, कारण कॉर्टिसॉलचं एक कामच रक्तातली साखर वाढवणं आहे. तिसरी तंबाखू: नियमित धूम्रपान करणाऱ्यांत प्रतिसाद बोथट असतो. चौथी गर्भनिरोधक गोळ्या. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉलला चिकटणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे लाळेत येणारं मोकळं कॉर्टिसॉल कमी चढतं. आणि नमुना देण्याआधी दात घासून हिरडीतून रक्त आलं असेल, तर तो नमुना टाकूनच द्यावा.

यावरून पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालाकडे कसं पाहायचं तेही कळतं. सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात ते अधिवृक्क ग्रंथी फार कमी किंवा फार जास्त काम करते आहे का, या शंकेपोटी. ‘माझा स्ट्रेस किती’ याचं उत्तर त्या एका आकड्यात नसतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर रक्तातला एकूण आकडा, चिकटलेलं कॉर्टिसॉलही त्यात मोजलं जात असल्याने, फुगलेला दिसतो. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा मलमं बरेच दिवस चालू असतील तर तो दबलेला असू शकतो, म्हणून डॉक्टरांना ते आधी सांगावं. काही लॅब डेसिलिटरमागे मायक्रोग्रॅम लिहितात, काही लिटरमागे नॅनोमोल. पहिल्याला सुमारे २७.६ ने गुणलं की दुसरा आकडा मिळतो. जुन्या-नव्या अहवालांची तुलना करताना एकक न पाहता घाबरून जाणारे पुष्कळ.

आपल्याला किती ताण वाटला, हे विचारूनही कॉर्टिसॉलचा अंदाज येत नाही. अनेक अभ्यासांत ‘मी फार घाबरलो’ म्हणणाऱ्याचं कॉर्टिसॉल शांत असतं आणि ‘काही विशेष नाही’ म्हणणाऱ्याचं उसळलेलं. आधाराचंही गणित सरळ नाही. किर्शबाउम यांच्याच गटाने १९९५ मध्ये तयारीच्या दहा मिनिटांत जोडीदाराला शेजारी बसवून पाहिलं. पुरुषांचं कॉर्टिसॉल मैत्रीण जवळ असताना बरंच कमी चढलं. स्त्रियांचं, मित्र धीर द्यायला बसला असताना, उलट थोडं वाढण्याकडे झुकलं. मदतीला आलेला माणूसही कदाचित त्यांना आणखी एक परीक्षकच वाटला असावा. हा माझा तर्क.

त्याच वर्षीचा आणखी एक प्रयोग. २० निरोगी पुरुषांना सलग पाच दिवस हीच परीक्षा द्यायला लावली. पहिल्या दिवशी कॉर्टिसॉल वाढलं. दुसऱ्या दिवसापासून १३ जणांच्या शरीराने ती मनावर घेणं सोडून दिलं. उरलेल्या ७ जणांचं कॉर्टिसॉल पाचही दिवस वाढतच राहिलं. प्रश्नावलीत या सात जणांनी स्वतःला इतरांपेक्षा कमी लेखलं होतं. प्रयोग पहिल्याच दिवशी थांबवला असता, तर हे दोन गट वेगळे काढता आले नसते.