दुखणं थांबलं म्हणजे मांडी बरी झाली असं नाही

पोलीस भरती निघाली की बीड, लातूर, परभणी, धाराशिवची मैदानं उजाडायच्या आत गजबजतात. पोरांना धास्ती असते १६०० मीटरची, पण मांडी दगा देते ती १०० मीटरमध्ये. या शर्यतीला १५ गुण. त्यासाठी जीव तोडून पळताना मांडीच्या मागे कट्कन काहीतरी होतं आणि पोरगं लंगडत ट्रॅकच्या बाहेर येतं.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे तीन स्नायू. बसताना ज्या हाडावर भार येतो तिथून ते निघतात आणि गुडघ्याखाली जाऊन रुततात. सुसाट पळताना पुढे फेकलेला पाय जमिनीला टेकायच्या जरा आधी गुडघा सरळ होत असतो. त्या क्षणी हे स्नायू लांब ताणले जातात आणि त्याच वेळी पायाला आवर घालायला पूर्ण जोरही लावत असतात. बहुतेक वेळा तंतू तुटतात ते इथेच, आणि तेही बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. कबड्डीत बोनससाठी पाय लांबवताना होणारी दुखापत वेगळी. ती सुरुवातीला किरकोळ वाटते, पण भरून यायला बऱ्याचदा जास्त वेळ घेते.

आपल्याकडे लगेच ‘शीर चढली’ म्हणून तेल लावून रगडतात. पहिले दोन-तीन दिवस हे अजिबात करू नका, शेकही नको. आत रक्तस्राव झालेला असतो, तो वाढतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा, क्रेप बँडेज बांधा. काळंनिळं दोन-चार दिवसांनी गुडघ्यामागे उतरलं तर घाबरू नका, रक्त खाली सरकतं.

मात्र महिनाभर खाटेवर पडून राहणं हा उपाय नाही. डेन्मार्कमध्ये मांडी किंवा पोटरीचा स्नायू फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा व्यायाम दुखापतीनंतर दोन दिवसांनी सुरू केला ते साधारण ६२-६३ दिवसांत खेळात परतले. ज्यांना नऊ दिवस थांबवलं त्यांना ८३ दिवस लागले. हलका, सोसेल इतका ताण मिळाला की नवे तंतू नीट रचले जातात.

खरी फसगत पुढे होते. आठ-पंधरा दिवसांत दुखणं थांबतं, जॉगिंग जमतं, पोरगं म्हणतं, ‘झालं बरं.’ पण जॉगिंगमध्ये स्नायू तेवढा लांबतच नाही. ताणलेल्या अवस्थेतली ताकद अजून कमी असते आणि मेंदूही त्या पायाला पूर्ण जोर लावू देत नाही. म्हणूनच ज्याची मांडी एकदा गेली, त्याची पुन्हा जाण्याचा धोका सगळ्यात जास्त, आणि मैदानावर परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वात नाजूक.

मग तयार झालो हे कळायचं कसं? जमिनीवर उताणे झोपा. एक टाच खाटेवर टेकवून कंबर उचला, दोन्ही पायांनी सारख्याच वेळा जमलं पाहिजे. नंतर, फिजिओने तपासून हो म्हटल्यावर, पाय गुडघ्यात न वाकवता झपकन वर उचला. दुखत नसेल, पण मनात जरा जरी कच खाल्ली जात असेल, तर शंभर मीटर अजून लांब आहे.

पुन्हा दुखापत होऊ नये म्हणून नॉर्डिक व्यायामाला तोड नाही. गोधडीवर गुडघे टेकायचे, मित्राने घोटे घट्ट दाबून धरायचे आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकायचं. शेवटी हातांवर पडायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट पुरे. मांड्या भरून येतील. पुढे हळूहळू वाढवा. नेमाने करणाऱ्या संघांमध्ये या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं आहे. खर्च शून्य, तरी बहुतेक अकॅडमींत हा व्यायाम दिसत नाही, याचं फार वाईट वाटतं.

‘कट्ट’ आवाज आला, पाय टेकवेना, किंवा बसल्यावर हाडापाशी जोरात दुखत असेल तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा. वाढीच्या वयातल्या मुलांमध्ये कधी स्नायूऐवजी हाडाचा तुकडाच निघून येतो. कंबरेपासून पायात मुंग्या येत असतील तर दुखणं मणक्याचंही असू शकतं.

आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवा: आधी निम्मा, मग पाऊण, मग पूर्ण. बरं झाल्यावरही आठवड्यातून एकदा, नीट वॉर्मअप करून, जवळजवळ पूर्ण वेगाने पळाच. महिनाभर फक्त १६०० चे राऊंड मारून थेट ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या दिवशी १०० मीटर सुसाट सुटणाऱ्याची मांडी त्या ताणाला सरावलेलीच नसते.